प्रेरणा लिहिणाऱ्याला, प्रकाश वाचणाऱ्याला

बायबल-अभ्यासाच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: “हे वचन वाचताना देवाच्या पवित्र आत्म्यानं मला प्रेरणा दिली.” बोलणाऱ्याचा अनुभव खरा असतो, पण शब्द चुकतो, आणि ही चूक किरकोळ नाही.

प्रेरणा ही शास्त्र, म्हणजे बायबल, लिहिलं गेलं तेव्हाची गोष्ट. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (३:१६) शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित असल्याचं म्हटलंय. मूळ ग्रीक शब्दात देवाच्या श्वासाचा अर्थ आहे. यशया, लूक, पौल यांनी लिहिलं आणि ते काम तिथं पुरं झालं. मला पटो न पटो, मजकूर प्रेरितच राहतो.

प्रकाश, म्हणजे लिहिलेलं उमगायला देवाची मदत, हवा असतो तो वाचणाऱ्याला. लूकच्या २४व्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांच्या हाती नवं पुस्तक ठेवत नाही. मोशेचं नियमशास्त्र, संदेष्टे, स्तोत्रं हे सगळं त्यांनी लहानपणापासून ऐकलेलंच होतं. तेच समजावं म्हणून तो त्यांचं मन उघडतो.

या दोहोंची गल्लत झाली की माणूस स्वतःला सुचलेल्या अर्थाला शास्त्राचाच अधिकार देऊन बसतो. मग त्याला कोणी प्रश्न विचारायचा? प्रकाशातून नवं वचन मिळत नाही, लिहिलेलंच दिसू लागतं. म्हणून ‘मला असं उमगलं’ हे मजकुराशी ताडून पाहता येतं आणि पाहायलाच हवं.

पण वाचता येत असताना देवाची मदत कशाला? कारण अडचण नेहमी भाषेची नसते. ‘पापी’ या शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. तो शब्द माझ्याविषयी आहे, हे कोश सांगत नाही. आपण म्हणतोच ना, कळतं पण वळत नाही. पौलही करिंथकरांना हेच लिहितो (१ करिंथ २:१४): आत्म्याच्या गोष्टी आत्म्याच्या द्वारेच पारखल्या जातात.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. शास्त्रं वाचायची कशी, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ‘पंडिता’ ही पदवी त्यांना १८७८मध्ये कोलकात्यात मिळाली ती संस्कृत विद्वत्तेसाठी. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी पुढे स्वतःच्या साक्षीत त्या लिहितात की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो उलगडा व्हायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं गेली. दरम्यान बायबलचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

आणि आत्मा शिकवतो म्हणून व्याकरण नको, असं त्यांनी कधी मानलं नाही. साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी त्या भाषांतराला दिली. १९२२मध्ये त्या गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेलं त्यांचं संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर पडलं.