बुडालेला माणूस, बारा पंच आणि कोरोनर

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नदीत बुडून मरणं ही नित्याची बाब होती. पोहता येणारे थोडे, आणि माणसांची, मालाची बरीचशी ये-जा पाण्यावरून. जुन्या लंडन ब्रिजचे खांब इतके जाडजूड आणि जवळजवळ होते की ओहोटीच्या वेळी कमानींखालून पाणी फुटभर नव्हे, कित्येक फूट खाली कोसळायचं. शहाणा प्रवासी अलीकडेच उतरून चालत पलीकडे जाई आणि पुन्हा होडीत बसे. धाडस करणाऱ्यांपैकी काही जण नंतर काठाला लागत, ते प्रेत होऊन. मग कोरोनरला, म्हणजे अशा अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, सांगावा जाई.

हे पद ११९४ सालचं. मूळ हेतू मृताला न्याय देण्याचा नव्हता, राजाची तिजोरी भरण्याचा होता. ज्या वस्तूने माणसाचा जीव घेतला ती, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा व्हायची. गोड्या पाण्यात होडीतून पडून कुणी बुडाला तर कायद्याने होडीवरच टाच येऊ शके; भर समुद्रात मात्र ही तरतूद लागू नव्हती. अठराव्या शतकातल्या जॉर्ज राजांच्या काळापर्यंत चौकशीचे पंच, म्हणजे ज्यूरी, अशा वस्तूची किंमत शिलिंगभर लावून मोकळे होऊ लागले होते. कायदा रद्द झाला १८४६ मध्ये, पण पंचांनी त्याची हवा आधीच काढून घेतली होती.

चौकशी बहुधा जवळच्या दारूच्या गुत्त्यातच चाले. किमान बारा पंच गोळा करायचे, त्यांनी प्रेत प्रत्यक्ष पाहायचं (हे बंधनकारक होतं), मग साक्षी. १७५२ च्या कायद्याने कोरोनरला दर चौकशीमागे एक पौंड आणि प्रवासाला मैलामागे नऊ पेन्स मिळू लागले. पैसे कौंटीच्या करातून जात, त्यामुळे मॅजिस्ट्रेट मंडळी ‘ही चौकशी हवीच होती का?’ म्हणून बिलं अडवत. डॉक्टरच्या साक्षीला मोबदला १८३६ पर्यंत नव्हताच. बुडालेला प्यालेला होता का, पाय घसरताना कुणी पाहिलं का, यावरच सारं ठरे.

आणि ठरण्यावर बरंच अवलंबून होतं. ‘अपघाताने, दुर्दैवाने बुडाला’ असं लिहिलं तर रीतसर दफन. शुद्धीत असताना केलेली आत्महत्या ठरली तर कागदावर ‘ईश्वराचं भय न बाळगता, सैतानाच्या चिथावणीने’ अशी भाषा, मालमत्ता जप्त आणि १८२३ पर्यंत चव्हाट्यावर पुरण्याची नामुष्की. काठावर साक्षीदार नसेल तर कोण सांगणार? मग पंच ‘बुडालेल्या स्थितीत सापडला’ एवढंच नोंदवत. माझ्या मते यात अज्ञानाइतकीच शेजारधर्माची कणव होती. कवी शेलीची पहिली पत्नी हॅरिएट डिसेंबर १८१६ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन तलावात गेली, तेव्हाही निकाल ‘मृत आढळली’ इतकाच लागला.

१७७४ मध्ये विल्यम हॉज आणि थॉमस कोगन यांनी बुडालेल्यांना शुद्धीवर आणण्यासाठी संस्था काढली. पुढे ती रॉयल ह्युमेन सोसायटी झाली. वाचवू पाहणाऱ्याला बक्षीस, आणि ओल्या देहाला घरात घेणाऱ्यालाही. त्याआधी गुत्तेवाले असा देह आत घ्यायलाच कचरत.

हीच पद्धत कंपनी सरकारबरोबर मुंबईतही आली. १८७१ मध्ये कलकत्ता आणि मुंबईसाठी स्वतंत्र कोरोनर कायदा झाला, आणि मुंबईतलं कोरोनरचं पद थेट १९९९ मध्ये मोडीत निघालं.