गव्हाचे खापर आणि गाजर गवताची खाज

पावसाळ्याच्या शेवटी नाक गळू लागले, पापण्या सुजल्या, मानेवर पुरळ उठून आग होऊ लागली की आपल्याकडे पहिला संशय गाजर गवतावर येतो. त्यापाठोपाठ ठरलेले दुसरे वाक्य : ‘अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलंय ते.’ पहिल्याला वैद्यकीय आधार आहे. दुसऱ्याचे प्रकरण गुंत्याचे आहे.

‘पीएल-४८०’ हा इतर देशांना सवलतीत धान्य देण्याचा अमेरिकेचा कायदा १९५४ चा. त्याखाली भारताने धान्याचा करार केला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यात उकिरड्यांवर उगवलेली ही झाडे मात्र १९५५ मध्येच एका अभ्यासकाच्या नजरेस पडली होती. मग कराराआधीच बी रुजले कसे? १९५१ मध्येही अमेरिकेने कर्जाऊ धान्य दिले होते, तेव्हा परदेशी गव्हाला अगदी निर्दोष सोडता येत नाही. पण देहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात याच झाडाचा १८८० चा वाळवलेला नमुना आहे. म्हणजे अमेरिका खंडातली ही वनस्पती देशात आधीच पोचली होती. नवा होता तो तिचा पसारा. तरी रेशनचा लाल गहू आणि पुढे ७२ च्या दुष्काळातला मिलो (परदेशी ज्वारी) खाल्लेल्या पिढीला गव्हाच्या जहाजाची गोष्टच पटली. पोटासाठी हात पसरल्याची बोच त्या गोष्टीत होती. तारखा कोण तपासतो?

नावही त्याच काळात अडकले. ‘काँग्रेस गवत’ का, तर पांढरी फुले टोपीसारखी दिसतात म्हणून, असे काही सांगतात. त्या पक्षाच्या राज्यात आले म्हणून, असे बाकीचे. सांगणारा कोणत्या पक्षाचा यावर उत्तर ठरते. आणि हे गवत तर नाहीच. पाने गाजरासारखी, कूळ सूर्यफूल-शेवंतीचे. रुग्णाला या कुळाशी देणेघेणे आहे, कारण गाजर गवत बाधलेल्या काहींना शेवंतीच्या वेणीनेही चट्टे उठतात.

साठच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातल्या डॉक्टरांनी या त्वचारोगाची नोंद केली. पापण्या, मान, कोपराची लवण अशा उघड्या जागीच तो उठे. दोष ‘पार्थेनिन’ या रसायनाचा. ते झाडावरच्या बारीक लवेत असते आणि वाळक्या झाडाच्या धुळीबरोबर उडते, त्यामुळे झाडाला हात न लावणाराही सुटत नाही. त्रास संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. तोवर माणूस काल काय खाल्ले ते आठवत बसतो आणि ‘पित्त उठलं’ म्हणून मोकळा होतो. परागकणांमुळे येणाऱ्या शिंकांची वाट वेगळी, त्या काही मिनिटांत सुरू होतात. एकाच झाडाच्या या दोन तऱ्हांना आपण सरसकट ‘ऍलर्जी’ म्हणतो. तो शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नातल्या एका बालरोगतज्ज्ञाने घडवला. आपल्याकडे ‘वावडे’ होतेच.

याच दिवसांत अंग मोडून येते, तेही पुष्कळदा या गवताच्या खात्यावर जाते. नाक चोंदून झोप झाली नाही तर अंग जड होते हे खरे. पण ताप आणि सांधे धरणे हे ऍलर्जीचे काम नव्हे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते डेंगी-चिकुनगुन्याचे असण्याची शक्यता जास्त.

हे गवत आटोक्यात आणायला ते खाणारा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूत आणला गेला आणि चाचण्यांनंतर पुढच्या वर्षी सोडला गेला. थोड्याच वर्षांत तो सूर्यफुलाची पाने कुरतडताना दिसला आणि गदारोळ उठला. चौकशी झाली, आणि सूर्यफुलावर तो टिकत नाही असे ठरून त्याला पुन्हा मोकळीक मिळाली. शेतकऱ्याची धास्ती अगदीच खुळी नव्हती; ज्याचे पीक त्याला ‘टिकत नाही’ ऐकून झोप लागत नाही. भुंगेरा पावसात भरपूर खातो, उन्हाळ्यात मातीत दडून राहतो आणि गवत तेवढ्यात पुन्हा मान काढते.

आता दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला निर्मूलन सप्ताह असतो. फुलोऱ्याआधी उपटावे हा त्यामागचा हिशेब, कारण एका झाडाचे हजारो बी पडते. रोजाने लावलेल्या बायका मात्र बहुधा नुसत्या हातांनीच उपटतात, आणि तेही अनेकदा फुले आल्यावर.