उंची बेताची, शॉट मात्र जबरी

मागच्या वर्षी लेकीला हॉकीची स्टिक घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, हिचं वजन किती? मी तर उंची सांगायच्या तयारीत होते. (इथे कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची, आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेंची मैदानी हॉकी ती वेगळी.) वजन 32 किलो, म्हणजे साधारण 70 पाउंड. मग 35 फ्लेक्सची बघा, तो म्हणाला. पण शाळेचा युनिफॉर्म कसा आपण वाढत्या मापाचा घेतो, तशी मी 50 ची घेतली, दोन वर्षं तरी पुरेल म्हणून, आणि लांब होत होती म्हणून घरी आणून वरून तीन इंच कापून टाकली. आख्खा सीझन तिचा पक, म्हणजे बॉलच्या जागी असते ती चपटी रबरी चकती, बर्फावरून घसरतच राहिला, वर उचललाच जाईना. आणि टीममधली तिच्याहून बुटकी एक मुलगी मात्र पक ठण्णकन गोलच्या वरच्या पाइपवर मारायची.

तेव्हापासून मी या फ्लेक्सच्या मागे लागले.

तर फ्लेक्स म्हणजे स्टिकचा दांडा मधोमध एक इंच वाकवायला किती पाउंड जोर लागतो तो आकडा. 100 फ्लेक्सला 100 पाउंड, 50 ला 50. आणि दांडा कापला की तो आखूड होतो, आखूड झाला की आणखी ताठ होतो, म्हणजे मी आधीच कडक असलेली स्टिक स्वतःच्या हाताने अजून कडक केली होती. काही स्टिक्सवर वरच्या टोकाला खुणाच असतात, इथे कापली तर फ्लेक्स इतका होईल अशा. माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

आता वाकण्याचा आणि शॉटचा संबंध काय? स्लॅप शॉट, म्हणजे स्टिक मागे उचलून जोरात हाणलेला शॉट, स्लो मोशनमध्ये बघा म्हणजे कळेल. आपल्याला वाटतं की खेळाडू पकला मारतो. तो आधी बर्फाला मारतो! ब्लेड, म्हणजे स्टिकचं खालचं चपटं टोक, पकच्या मागे वीतभर अंतरावर बर्फावर आपटतं, वरचा हात मागे खेचतो, खालचा हात पुढे रेटतो, अंगाचं वजन त्या खालच्या हातावर येतं आणि दांडा धनुष्यासारखा वाकतो, आणि तसा वाकलेला असतानाच ब्लेड पकपर्यंत पोचतं. मग दांडा सरळ होताना ती साठवलेली ऊर्जा पकमध्ये जाते. ब्लेड आणि पक एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचे काही शतांश भाग, तेवढ्यात हे सगळं जमलं पाहिजे.

इथेच लहान चणीच्या खेळाडूंचं गुपित आहे असं मला वाटतं. एकाच जोराने दोन स्प्रिंगा दाबल्या तर मऊ स्प्रिंग जास्त दबते आणि ऊर्जाही जास्त साठवते. तोच 70 पाउंडांचा जोर 100 फ्लेक्सच्या दांड्यावर लावला तर तो इंचभरही वाकत नाही, 70 च्या दांड्यावर पूर्ण इंच वाकतो, आणि साठलेली ऊर्जा जवळजवळ दीडपट होते. अर्थात अति मऊ दांडा चालत नाही, तो वेळेत सरळ होत नाही आणि नेमही बिघडतो. म्हणून पाउंडातल्या वजनाच्या अर्धा फ्लेक्स हा इथला ढोबळ हिशोब.

उंचीचा फायदा नसतोच असं नाही हां. हात आणि स्टिक लांब असली की तेवढ्याच फिरकीत ब्लेडचा वेग जास्त असतो. 2012 मध्ये ऑटावाला इथल्या व्यावसायिक लीगच्या ऑल-स्टार स्पर्धेत झ्डेनो चाराने ताशी 175 किमीचा शॉट मारला, त्याची उंची 6 फूट 9 इंच. नुसत्या वेगाच्या शर्यतीत असे उंच लोकच पुढे असतात.

पण मॅचमध्ये चाराएवढा दांडपट्टा फिरवायला वेळ कोण देतो? माँट्रियल कॅनेडियन्स क्लबचा कोल कॉफील्ड बघा, उंची जेमतेम 5 फूट 8 इंच. अमेरिकेच्या ज्युनियर प्रोग्रॅममध्ये 2018-19 च्या सीझनला त्याने 72 गोल केले, आणि तरीही 2019 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, माँट्रियलने त्याला घेतलं ते 15 व्या नंबरला, 2024-25 मध्ये त्याच माँट्रियलसाठी त्याचे 37 गोल झाले. हा मुख्यतः रिस्ट शॉट मारतो. स्टिक मागे नेत नाही, पक ब्लेडवर असतानाच स्वतःकडे ओढतो, दांडा बर्फावर दाबतो आणि सोडतो. पक ओढल्यामुळे शॉटचा कोन बदलतो, आणि स्टिक मागे जात नाही म्हणून गोलकीपरला इशारा मिळत नाही. हिशोब करून बघा: 10 मीटरवरून ताशी 130 किमीने सुटलेला पक साधारण 0.28 सेकंदात पोचतो, त्यातले 0.2 सेकंद तर डोळ्याने बघून अंग हलेपर्यंतच जातात. त्यात स्केटिंगचा वेगही पकला मिळतो, आणि ही छोटी माणसं चपळ असतात.

लाकडी स्टिकच्या जमान्यातही हे होतंच. माँट्रियलचाच ईव्हान कूर्नोये, 5 फूट 7 इंच, दहा स्टॅन्ली कप (त्या लीगच्या विजेत्याचा करंडक) जिंकलेला. तरुणपणी तो मशिन शॉपमध्ये बनवलेल्या स्टीलच्या पकने सराव करायचा. नेहमीचा रबरी पक 156 ते 170 ग्रॅमचा, आपल्या मैदानी हॉकीच्या बॉलएवढाच जवळपास, स्टीलच्या पकनंतर तो हातात काय हलका लागत असेल!

या सीझनला लेकीला 40 ची स्टिक घेतली आणि कापली नाही. गॅरेजच्या दारासमोर जाळी लावलीय, पहिल्या आठवड्यात दारावर जाळीच्या दीड फूट वर काळा ठसा उमटला. आता नेम खाली आणायचं काम चालू आहे.