सोपेचा गड्डा घरी नेला, आता करायचं काय?

"हे काय होय जी, कांदा की नवलकोल?" मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या दुकानात हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की शेवटी हे पत्रक छापलं.

हा बडीशेपेचा, म्हणजे आपल्या सोपेचा गड्डा. जेवणानंतर दाणे चघळतो तीच सोप, फक्त हा वाण गड्ड्यासाठी लावतात. दिसायला कंद वाटतो, पण पानांचे देठ बुडाशी फुगून एकमेकांवर बसलेले असतात. वरची पिसासारखी पानं पाहून शेपू समजू नका. शेपू याचा भाऊबंद, वास निराळा. इटलीत ही नेहमीची भाजी आहे. आपल्याकडे मात्र थंडीतच जमते. ऊन तापलं की तुरा येतो आणि गड्डा चिवट होतो, म्हणून एप्रिलात मागू नका.

100 ग्रॅम कच्च्या गड्ड्यात उष्मांक जेमतेम 31, तंतू सुमारे 3 ग्रॅम, पोटॅशियम 400 मिलिग्रॅमच्या वर, शिवाय थोडं 'क' जीवनसत्त्व. भाजी म्हणून उत्तम. औषध म्हणून आम्ही विकत नाही.

पहिल्यांदा कच्चाच खाऊन बघा. गड्डा उभा चिरा, बुडाचा टणक भाग काढून टाका, मग आडवे, जमतील तितके पातळ काप करा. दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवले की कुरकुरीत होतात. निथळून त्यात पापुद्रा काढलेल्या संत्र्याच्या फोडी, मीठ, मिरपूड, चमचाभर तेल घाला आणि वरून गड्ड्याचीच पानं सांबारासारखी, म्हणजे कोथिंबिरीसारखी, बारीक चिरून टाका. सिसिलीत संत्र्याबरोबर अशीच खातात. संत्र्याच्या गावात राहून आपण का सोडावी?

वास उग्र वाटला तर काप तेलात मंद आचेवर परता. आधी पाणी सुटेल, मग कडा तांबूस होतील. तोवर वास मवाळ होतो, गोडी वर येते. यातच बेसन भुरभुरून झुणका छान होतो. सावजी मसाल्यात मात्र घालू नका. एका काकूंनी घातला होता. रस्सा झकास झाला, गड्डा कुठे गेला ते कळलंच नाही.

जाड देठ फेकू नका, वरण शिजताना टाका आणि वाढण्याआधी काढून घ्या. गड्डा ठेवायचा असेल तर पानं कापून वेगळी करा आणि ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. चिरलेली बाजू काळपट पडते, तिला लिंबू चोळा.