ऑटिझम वयाबरोबर जात नाही

‘मोठं झालं की सुटतंय बघा,’ असं ऑटिझमबद्दल (स्वमग्नतेबद्दल) कोल्हापुरात अजून सर्रास सांगतात. नाही सुटत. ती मेंदूची जन्मजात जडणघडण आहे, आयुष्यभराची. सुटतो तो आधार: शाळा संपते, थेरपी थांबते, पोरगं घरात बसतं. महाद्वार रोडच्या गर्दीत कान झाकणारा तिशीतला माणूस हट्टी नसतो; त्याला तो गोंगाट खरंच सोसत नाही. शांत कोपरा आणि स्पष्ट सूचना मिळाल्या तर असे कितीतरी जण नेटकं काम करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, तो प्रौढांनाही लागू आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत १ लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो. आणि आपल्यामागं याचं कोण बघणार, ही आईवडिलांची धास्ती? अठरानंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.