मुलाला सोडून जाऊ नका, पालकसत्राला बसा

"मुलाला सोडून जातो, तासाभरानं न्यायला येतो, चालेल ना?" असं एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावीळपणा) असलेल्या मुलांना इतरांशी मिळून-मिसळून वागायला शिकवणाऱ्या आमच्या वर्गात जवळजवळ प्रत्येक पालक विचारतात. नाही चालणार, पालकांसाठीच्या सत्राला तुम्हाला बसावं लागतं. कारण इथं देतो.

एडीएचडी असलेल्या मुलाला नियम ठाऊक नसतात असं नाही. खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हे ते तुम्हाला घडाघडा सांगेल. पण समोरच्यानं फासे उचलले की त्याचा हात आपसूक पुढं जातो. ठाऊक असलेलं ऐन वेळी सुचत नाही, ही खरी अडचण. तिथल्या तिथं आठवण करून देणारं कुणीतरी लागतं, आणि घरी ते तुम्हीच असता.

२०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं एडीएचडी असलेल्या मुलांच्या अशा सामाजिक कौशल्यांच्या प्रशिक्षणाच्या २५ चाचण्यांचा आढावा घेतला. शिक्षकांना मुलांच्या वागण्यात फारसा फरक दिसला नव्हता. हे आम्ही पहिल्या भेटीतच सांगतो आणि वर्गापेक्षा घरच्या सरावावर भर देतो.

सराव असा. एकच मित्र बोलवा, तासाभरासाठी. दोघं आले की बहुधा आपलंच मूल बाजूला पडतं. ज्या खेळण्याला ते कुणाला हात लावू देत नाही, ते आधीच कपाटात ठेवा. मोबाइल, टीव्ही बंद. मित्र यायच्या आधी एकच गोष्ट ठरवा, "आज खेळ त्याला निवडू द्यायचा." चार सूचना एकदम दिल्यात तर एकही लक्षात राहत नाही. आवाज चढायला लागला की मुलाला आत बोलावून हळूच आठवण द्या, मित्रासमोर नको. जमलं की लगेच, नेमकं सांगा, "त्याची पाळी होती, तू थांबलास, छान." नुसतं "शाब्बास" म्हटलं तर कशाबद्दल ते कळत नाही. खेळ रंगात असतानाच आटोपता घ्या.

पालकसत्र बुडालं की आमचे शब्द वेगळे, घरचे वेगळे. महिनाभरानं "काही फरक नाही" अशी तक्रार येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून पालक येणार नसतील तर आम्ही प्रवेश देत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण तुमचे पैसे आणि मुलाची उमेद दोन्ही वाया जाऊ नयेत, एवढंच आम्ही पाहतो. पालकसत्राची वेगळी फी नाही. दोघांपैकी एक आलं तरी पुरे; मूल आजी-आजोबांकडे असेल तर त्यांनी यावं.

निदान आणि औषधं डॉक्टरांकडेच. पहिल्या भेटीला मुलाला आणू नका. शाळेतून आलेल्या तक्रारी आणि त्याला मनापासून आवडणाऱ्या दोन-तीन खेळांची नावं घेऊन या.