तेर

मराठवाड्यातील एक प्राचीन नगर व वारकरी संप्रदायातील तीर्थस्थान. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) तालुक्यात, जिल्ह्याच्या ठिकाणापासून ईशान्येस, तेरणा नदीच्या काठी वसले आहे. तेरणा ही मांजरेची उपनदी. संतवाङ्मयात गावाचा उल्लेख शेजारच्या ढोकीसह ‘तेरढोकी’ असा जोडून येतो. ग्रीक-रोमन लेखकांचे ‘तगर’ ते हेच, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. हे मत रुजायला मात्र बराच काळ लागला.

पेरिप्लस या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात (सामान्यतः इ.स. पहिल्या शतकाचा मध्य) दक्षिणापथातील (दख्खनमधील) दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान खडे आणि तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल व पूर्व किनाऱ्याकडून आलेला माल अवघड वाटांनी गाड्यांत भरून भडोचला जाई. ग्रीक भूगोलकार टॉलेमी यानेही तगरची नोंद केली आहे; परंतु त्याच्या अक्षांश-रेखांशांवरून हे नगर पैठणच्या ईशान्येला पडते. एकोणिसाव्या शतकातील बराचसा वाद या दोन दिशांच्या विसंगतीतून उभा राहिला.

युरोपीय अभ्यासक विल्फर्ड याने तगर म्हणजे देवगिरी मानले. पैठण ते देवगिरी हे अंतर दोन-तीन मुक्कामांचे, शिवाय दिशा उत्तरेची. त्यामुळे हे मत टिकले नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचवले. तेथील लेण्यांचे वैभव आणि नाणेघाटाचे सान्निध्य पाहता जुन्नर मोठी पेठ होती यात संशय नाही, पण ते पैठणच्या पश्चिमेला आहे आणि पेरिप्लसकर्त्याने पूर्व-पश्चिमेची अशी उलटापालट केली असेल असे मानायला आधार नाही. डॉ. रा. गो. भांडारकर यांचा कल बीड जिल्ह्यातील धारूरकडे होता. दिशेच्या दृष्टीने ही सूचना अधिक सयुक्तिक. तथापि त्या तोलाचे प्राचीन अवशेष धारूरला दाखवता आले नाहीत.

पुराभिलेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये तगर म्हणजे तेर हे समीकरण मांडले. मधला ‘ग’ लोपून तगरचे तेर होणे प्राकृताच्या नियमांत बसते, हा त्यांचा भाषिक मुद्दा. पैठणच्या आग्नेयेस बैलगाडीच्या दहा मजलांवर तेर येते, हा भौगोलिक मुद्दा. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ हेन्री कझेन्स यांनी गावाची पाहणी केली आणि भारतीय पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात येथील विटांची देवळे, टेकाडे व अवशेष यांचे सविस्तर वर्णन दिले. केवळ नामसाम्यावर उभ्या असलेल्या तर्काला जमिनीचा आधार मिळाला तो येथे. टॉलेमीची ईशान्य दिशा तरीही जुळत नाही. पण दख्खनविषयीची त्याची इतर स्थानेही चुकलेली दिसतात हे पाहता, त्या एका आकड्यासाठी पेरिप्लस बाजूला ठेवण्याचे कारण दिसत नाही.

भारतीय लेखांत तगरचा उल्लेख उशिरा येतो. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या 612 च्या हैदराबाद ताम्रपटातील दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. उत्तर कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ (श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी) म्हणवीत. त्यांच्या काळी तेरवर त्यांची प्रत्यक्ष सत्ता नव्हती. मूळ कुलस्थानाची स्मृती म्हणून हे बिरुद चालत आले असावे. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात ‘तेरापुर’ व त्याजवळच्या लेण्यांची कथा येते. ती लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, हे हिरालाल जैन यांचे मत सामान्यतः ग्राह्य धरले जाते. तेर येथे महावीराचे मंदिर असून जैनांत हे अतिशय क्षेत्र (चमत्कारांशी निगडित तीर्थ) मानतात.

गावात व भोवताली पांढरीची (जुन्या वस्तीच्या मातीची) अनेक टेकाडे आहेत. कोट, बैराग, रेणुका ही त्यांतील काही. बा. ना. चापेकर यांनी 1958 मध्ये येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढेही उत्खनने झाली. त्यांतून सातवाहन नाणी, मातीचे व शंखाचे अलंकार, मणी, पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती, विटांच्या स्तूपाचे व लाकडी तटबंदीचे अवशेष मिळाले. रोमन नाण्यांच्या ठशांवरून केलेली, गळ्यात घालण्यासाठी कडी असलेली मातीची पदकेही येथे सापडली आहेत. परदेशी नाण्याची दागिना म्हणून नक्कल करण्याइतकी त्याची ओळख येथील सामान्य माणसाला होती, हे त्यावरून दिसते. येथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती, इ.स. 79 मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 1938 साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी मिळतीजुळती आहे. पाँपेईची मूर्ती तेर-भोकरदन परिसरातच घडली असे काही अभ्यासक म्हणतात. तिच्यावरील, वायव्य भारतात चालणाऱ्या खरोष्ठी लिपीतल्या अक्षरामुळे इतरांना ती वायव्येकडची वाटते. साम्य निर्विवाद आहे. कारागिरीचे गाव त्यावरून ठरवणे मात्र घाईचे होईल.

या वस्तूंपैकी पुष्कळ वस्तू तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी वैयक्तिक हौसेने जमवल्या. पावसाळ्यात टेकाडांवरून वाहून आलेले किंवा नांगराला लागलेले जुने जिन्नस त्यांनी जतन केले. गावातील शासकीय संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे.

वास्तूंत त्रिविक्रम मंदिराला विशेष महत्त्व आहे. विटांचे, चापाकार विधानाचे (मागचे टोक अर्धवर्तुळाकार असलेल्या तळआराखड्याचे), गजपृष्ठाकार (हत्तीच्या पाठीसारखे गोलाईचे) छप्पर आणि दर्शनी बाजूस चैत्यगवाक्षाची (नालाच्या आकाराच्या खिडकीची) कमान असलेले हे मंदिर मुळात बौद्ध चैत्य (प्रार्थनागृह) होते, असे कझेन्स यांचे मत. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा असून आत त्रिविक्रमाची पाषाणमूर्ती आहे. आंध्र प्रदेशातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिराशी त्याची नेहमी तुलना होते. चापाकार विधान हिंदू मंदिरांतही आढळते (उदा., ऐहोळेचे दुर्ग मंदिर), म्हणून ते आरंभापासून वैष्णवच असावे असाही एक पक्ष आहे. स्तूपाचे अवशेष गावातच मिळाल्याने कझेन्स यांचे मत अजून अगदीच मागे पडलेले नाही. बांधणीचा काळ साधारणपणे इ.स. चौथे ते सहावे शतक धरतात. उत्तरेश्वर मंदिरही विटांचेच; त्याची कोरीव लाकडी चौकट संग्रहालयात ठेवली आहे. एवढे जुने लाकूडकाम दख्खनमध्ये क्वचितच उरले आहे. येथील जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत मिसळलेला भुसा भट्टीत जळून जातो आणि वीट सच्छिद्र व हलकी होते. गावकरी पाहुण्याला हा प्रयोग आवर्जून दाखवतात.

आज तेर सर्वतोमुखी आहे ते गोरोबाकाकांमुळे. संत गोरा कुंभार (परंपरेने 1267–1317) ज्ञानेश्वर-नामदेवांच्या संतमंडळात वयाने वडील म्हणून ‘काका’. त्यांचे मोजकेच अभंग उपलब्ध आहेत. चिखल तुडवताना विठ्ठलनामात देहभान हरपून स्वतःचे मूल पायाखाली आल्याची कथा सर्वश्रुत आहे. थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांना त्यांनी ‘कच्चे मडके’ ठरवले, हा प्रसंग तेरचाच असे गावात मानतात. चरित्रकार मात्र सगळे एकच स्थळ देत नाहीत. तेरणेकाठी विटांच्या काळेश्वर मंदिराजवळ त्यांची समाधी आहे. चैत्र वद्य त्रयोदशीच्या पुण्यतिथीला येथे यात्रा भरते.

निजामी अमलात तेर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. 1948 नंतर ते भारतीय संघराज्यात, 1956 मध्ये मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. गावाजवळ तेरणा मध्यम प्रकल्पाचा जलाशय असून सहकारी साखर कारखाना ढोकी येथे आहे. ज्वारी, सोयाबीन, तूर, हरभरा व पाणी असेल तेथे ऊस ही मुख्य पिके. आजचे गाव बऱ्याच अंशी जुन्या वस्तीवरच उभे असल्याने उत्खनने मोकळ्या टेकाडांपुरती मर्यादित राहिली आहेत.